उघडा पत्रा

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर उजळत होता. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचत होता. मागचा छोटा लाल दिवा, ज्याला या भानगडीत कुणी बोलावलंच नव्हतं, तोही इंडिकेटरच्या तालावर मिचमिच करत होता. आणि खुद्द ब्रेकचा दिवा, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, तो मनात आलं तर लागायचा, नाहीतर गाल फुगवून बसायचा.

दादा व्हॅनच्या मागे कमरेवर हात ठेवून उभे होते. पेडल दाबून धरायला माणूस नव्हता म्हणून त्यांनी सीट आणि पेडल यांच्या मध्ये एक लाकडी दांडका अडकवला होता. काल दुपारी याच जागी उभं राहून, याच दांडक्याच्या मदतीनं त्यांनी हा दोष काढला होता. काढला होता म्हणजे काढलाच होता, त्यात शंका नव्हती. काल सगळे दिवे शहाण्या मुलांसारखे वागले होते. आज सकाळी येऊन बघतात तर सगळं पुन्हा होतं तिथेच.

दादा गाड्यांचं वायरिंग करायचे. गाडी कितीही जुनी असो, बॉनेट उघडून थोडा वेळ नुसतं बघायचे आणि मग नेमक्या वायरीला हात घालायचे, अशी त्यांची ख्याती होती. स्वभावही ख्यातीला शोभेल असाच, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकानं 'बॅटरी तर उतरली नसेल ना?' असं नुसतं विचारलं तरी 'मग तूच कर' म्हणून त्याच्या हातात पाना द्यायचे. तरी लोक यायचे, कारण दादांनी हात लावलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं कधी घडलं नव्हतं.

ही व्हॅन बेकरीवाल्याची. त्याच्या वडिलांनी घेतलेली, पाव पोचवून पोचवून खिळखिळी झालेली. नवी घ्या म्हणून मुलं मागे लागली होती, पण बेकरीवाला हट्टाला पेटला होता. सडलेला पत्रा कापून नवा बसवून झाला होता, आतून-बाहेरून लख्ख चंदेरी रंग मारून झाला होता. आता दिवे तेवढे राहिले होते, की गाडी सरकारी तपासणीला न्यायची.

पत्र्याचं आणि रंगाचं काम केलं होतं बाळ्यानं. बाळ्या म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. डोक्यावरचे निम्मे केस गेले, उरलेले पिकले, तरी घरात तो बाळ्याच राहिला. शेड एकच, वडिलांच्या वेळची. अलीकडच्या अर्ध्या भागात दादांच्या वायरी, पलीकडच्या अर्ध्यात बाळ्याचे हातोडे, प्रायमर आणि स्प्रे गन. मध्ये भिंत नव्हती. पण गेले कित्येक महिने भिंत असल्यासारखंच होतं, कारण दोघांत अबोला होता.

कारण असं झालं की, बाळ्यानं एका टॅक्सीवाल्याला सांगितलं होतं, वायरिंग दुसरीकडे दाखव, दादाचं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. टॅक्सीवाल्यानं ते इमानेइतबारे दादांपर्यंत पोचवलं, वर 'मी नाही हो विश्वास ठेवला' अशी फोडणीही घातली. दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा भाऊ, ज्याला सायकल शिकवली, तो गिऱ्हाइकासमोर आपल्याला मोडीत काढतो. त्यांनी बाळ्याला एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. अगदीच गरज पडली तर दादा समोरच्या कपाटाला सांगायचे, 'कंप्रेसर जरा बंद झाला तर बरं होईल.' कपाट काही बोलायचं नाही, पण कंप्रेसर बंद व्हायचा.

आणि व्हॅन हाती घेतली त्या दिवशी दादांनी बायकोला सांगून ठेवलं होतं की, ही गाडी माझ्या हातून सुधारली नाही, तर बाळ्या बोलला ते खरं धरायचं आणि काम बंद करायचं. एका गाडीवरून कुणी असं ठरवतं का, असं ती म्हणाली. दादा हसले. त्यांना मनातून खात्री होती की दुपारच्या चहाच्या आत गाडी सुधारेल आणि बाळ्याचे दात परस्पर घशात जातील.

सुधारलीही होती. असा दोष, एक दिवा लावायला जावं आणि भलताच लागावा, बहुतेक वेळा एकाच कारणानं येतो, अर्थिंग नसतं. करंट बॅटरीतून वायरीनं येतो, दिव्यातून जातो आणि परत जाताना गाडीच्या पत्र्यातून जातो. पत्र्याशी वायर जिथे बोल्टनं आवळलेली असते तिथला जोड बिघडला, की करंटला घरी जायची वाट सापडत नाही. मग तो शेजाऱ्याच्या दिव्यात शिरतो, काट्यात शिरतो, मिळेल त्या बोळातून बाहेर पडायला बघतो. दादांना हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पहिल्या दिवशी त्यांनी मागचा दरवाजा उघडून आतल्या पत्र्यावरचा तो बोल्ट काढला, खालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा नागडा केला, वायरीची कडी त्यावर बसवली, बोल्ट कचकचून आवळला. सगळे दिवे ठीक. अंधारून यायच्या आत ते घरी गेले. हल्ली ते लवकरच जायचे. गुडघा दुखतो म्हणायचे.

म्हणून तर आज त्यांचं डोकं चालेना. अर्थिंग तर मी केलंय. माझ्या हातानं केलंय. मग अर्थिंगचा दोष आला कुठून? दरवाज्यातून आत वाकून त्यांनी बोल्टाकडे नजर टाकली. चकचकीत पत्रा, घट्ट बोल्ट. म्हणजे दोष दुसरीकडे. त्यांनी ब्रेकचा स्विच बदलला. दिव्यांचे होल्डर काढून साफ केले, परत बसवले. ब्रेक दाबला, इंडिकेटर उजळला. त्यांनी दांडका काढून पुन्हा अडकवला, जणू दोष दांडक्यात होता. मग इंडिकेटर विझला, ब्रेकचा दिवा झकास लागला, आणि नक्की कशामुळे लागला ते दादांना कळलं नाही. सुधारलेली गाडी कशामुळे सुधारली ते न कळणं त्यांना बिघडलेल्या गाडीहून वाईट वाटायचं.

दुपारनंतर हेडलाइट लावले तर ते मिणमिणते. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. पुन्हा तीच लक्षणं, फक्त आता पुढच्या बाजूला. दादांनी बॉनेटखालचा अर्थिंगचा बोल्ट काढला, पत्रा घासला, आवळला. हॉर्न असा कडाडला की पलीकडे बाळ्याच्या हातातला पाना खाली पडला. दादांना त्याचं जरा बरंच वाटलं. खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी हॉर्नचा घसा पुन्हा बसलेला होता.

चहा घेऊन आलेल्या बायकोला दादांनी बाजूला घेऊन विचारलं की, काल घरी आल्यावर मी काय म्हणालो होतो? गाडी सुधारली म्हणालात, ती म्हणाली. नक्की? जेवताना म्हणालात आणि हात धुताना परत म्हणालात. दादांनी मान हलवली. म्हणजे सुधारली असं आपण म्हणालो, एवढं तरी खरं. पण सुधारली होती का? की सुधारली असं आपल्याला वाटलं होतं? बोल्ट काढल्याचं आठवत होतं, घासल्याचं आठवत होतं, पण असे बोल्ट त्यांनी जन्मभर घासले होते. कालचा म्हणून आठवतोय तो कुठल्या भलत्याच गाडीचा, भलत्याच सालातला तर नसेल?

व्हॅनमध्ये बसून त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. शाळेतल्या मास्तरांची नावं आठवून बघितली, सगळी आली. बायकोच्या सगळ्या बहिणींची नावं थोरलीपासून धाकटीपर्यंत आली, ती तर तरुणपणीही कधी ओळीनं आली नव्हती. डोकं तर ठीक दिसत होतं. पण डोकं बिघडलंय की नाही हे त्याच डोक्यानं ठरवायचं, यातच काहीतरी घोटाळा होता. दादा गोंधळून गेले. त्यांना भीती वाटली, आणि ती कुणाला सांगायची हेही कळेना.

मग दोन दिवस त्यांनी व्हॅन नुसती उसवली. डॅशबोर्डखालचा वायरींचा झुबका सोडवला, एकेक वायर टेस्ट लॅम्पनं तपासली. वायरी धडधाकट होत्या. मधूनच दोष आपोआप जायचा, मधूनच यायचा. मागचा आणि पुढचा, दोन्ही बोल्ट सैल वाटले म्हणून त्यांनी एकदा काढून खालचा पत्रा पुन्हा घासलाही, त्या दिवशी सगळं सुरळीत झालं, आणि सकाळी परत तेच. पण दादांच्या मनात बोल्टाचा संशय टिकेना. स्वतः घासलेल्या जागी दोष राहील, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. त्यापेक्षा डोकं बिघडलंय हे मानायला ते तयार होते.

बेकरीवाल्यानं निरोप पाठवला की, उद्या तपासणी आहे, संध्याकाळी गाडी न्यायला येतो. दादांनी बायकोला काही सांगितलं नाही, पण डबा घेताना तिच्याकडे बघितलंही नाही. ती काय ते समजली. गाडी गाडीच असते हो, एवढंच ती म्हणाली.

त्या दुपारी दादा व्हॅनमध्ये आडवे होऊन डॅशबोर्डखाली शिरले होते. एका हातानं वायर हलवत होते आणि दुसऱ्या हातानं पेडल दाबत होते, कारण दांडका सारखा निसटत होता. आता मागचा दिवा लागतोय की नाही हे बघायला पुन्हा उठून मागे जायला हवं होतं, आणि हात सोडला की पेडल वर येणार होतं. हे काम मुळात दोघांचं. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहून सांगायचं. इतकी वर्षं ते दोघांनीच केलं होतं. दादांनी पेडल दाबून धरलं आणि तसेच पडून राहिले. त्यांचे डोळे भरून आले. डॅशबोर्डखाली धूळ असते, त्यामुळे असं होतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"नाही लागला," मागून आवाज आला.

दादा हलले नाहीत. महिनोन्‌महिने तो आवाज त्यांच्याशी बोलला नव्हता. त्यांनी पेडल सोडलं आणि पुन्हा दाबलं.

"इंडिकेटर लागतोय, मंद," बाळ्या म्हणाला. "ब्रेकचा नाही."

दादांनी विचारलं, "आता?"

"आताही तेच."

"मागचा दरवाजा उघड. आत डाव्या हाताला अर्थिंगचा बोल्ट आहे. हलवून बघ."

दरवाजा किरकिरला. मग बाळ्या म्हणाला, "लागला." आणि लगेच, "गेला. लागला. हलवलं की लागतो, दादा. सोडला की जातो."

"शक्यच नाही," दादा म्हणाले. "तो मी घासलाय."

मागे पाना फिरल्याचा आवाज झाला, मग तो थांबला. दादा डॅशबोर्डखालून सरपटत बाहेर आले आणि दाराला धरून उभे राहिले. बाळ्या बोल्ट हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होता. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"इथे मी रंग मारलाय," तो म्हणाला.

"कधी?"

"तू घासलंस की त्याच दिवशी. तू घरी गेल्यावर. पुढच्या बोल्टाखालीही."

दादांना काहीच उमगेना. मग बाळ्यानं तोंड उघडलं आणि सगळं एकदम बाहेर पडलं. पहिल्या संध्याकाळी त्याला आपल्या नव्या कोऱ्या रंगावर हा ओरखडा दिसला. उघडा पत्रा दिसला की बाळ्याला चैन पडत नसे, गंज तिथूनच सुरू होतो. त्यानं बोल्ट काढला, कडी बाजूला केली, प्रायमर लावला, रंग मारला, सुकल्यावर बोल्ट परत बसवला. बोल्ट आत पत्र्यातच जातो, तेवढं पुरेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी पुढे ओरखडा. मग पुन्हा मागे. तेव्हा त्याला वाटलं, दादा माझ्यावरच्या रागानं माझा रंग मुद्दाम खरवडतोय. मग तोही हट्टाला पेटला. तू खरवड, मी मारतो.

वडील एकटेच दोन्ही कामं करायचे. पत्रा घासून बोल्ट आवळायचे आणि मग वरून ब्रशनं रंगाचा हात फिरवायचे, म्हणजे करंटही जातो आणि गंजही चढत नाही. त्यांच्यामागे हे काम दोघांत आलं, तरी क्रम तोच राहिला होता. दादा बोल्ट आवळायचे, 'ये रे' म्हणायचे, आणि बाळ्या ब्रश घेऊन यायचा. या वेळी 'ये रे' म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून रंग बोल्टाच्या वर न लागता खाली लागला. एवढं साधं होतं, आणि त्यापायी दादा आपण वेडे झालो असं समजून बसले होते.

त्यांचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत होतं. हात शाबूत होता. त्यांना हसू फुटलं, बाळ्यालाही फुटलं, आणि दोघं व्हॅनला टेकून पोट धरून हसले. गाढवा, दादा म्हणाले, तुझा रंग, आणि वेड लागायची पाळी माझी. त्यांनी खिशातून पॉलिश पेपर काढला आणि ते दरवाज्यातून आत वाकले.

आणि थांबले.

समोर चकचकीत चंदेरी पत्रा होता. अगदी जसा त्यांनी घासून ठेवला होता तसाच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, मग परत डोळ्यांवर घेऊन बघितलं.

"रंग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हा काय," बाळ्या म्हणाला. त्यानं नखानं टोकरून दाखवलं. "हा एवढा सगळा. आणि इकडे कडेला उघडा पत्रा राहिलाय. वेगळा दिसतोय की."

दादांना वेगळं काही दिसत नव्हतं. एक चकाकी होती, सगळीकडे सारखी. हीच जागा त्यांनी इतके दिवस रोज बघितली होती. रोज त्यांच्या डोळ्यांसमोर ताजा, नवा रंग होता, आणि रोज त्यांनी त्याला उघडा पत्रा म्हटलं होतं. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते बाहेर आले आणि खोक्यावर बसले.

"मला दिसलं नाही, बाळ्या," ते म्हणाले.

बाळ्या पायाशी बसला. मान खाली घालूनच बोलला. "मला माहीत होतं. तो टॅक्सीवाला यायच्या आधीच. तू लाल वायर तपकिरीला जोडली होतीस. तू घरी गेल्यावर मी सोडवून नीट केली. नंतर आणखी एकदा तसंच झालं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला कोण सांगणार? तुला सांगायची छाती झाली नाही, म्हणून त्याला सांगितलं." हातातला बोल्ट फिरवत तो म्हणाला, "वाटलं, दुसरीकडे गेला तर तुझी चूक तरी निघणार नाही."

दादांना राग यायला हवा होता. महिनोन्‌महिने जपून ठेवलेला राग होता, हाताशीच होता. पण तो नेमका कुणावर काढायचा तेच त्यांना कळेना. भाऊ खोटं बोलला नव्हता. आपणही गाडी चुकीची दुरुस्त केली नव्हती. दोघंही बरोबर होते, आणि तरी काहीतरी हातचं गेलं होतं.

बोल्टाखालचा पत्रा मग बाळ्यानं घासला. दादा शेजारी उभे राहून विचारत होते, झाला का, आणि बाळ्या म्हणत होता, अजून थोडा. दादांनी बोल्ट आवळला, बाळ्यानं वरून ब्रश फिरवला. पुढच्या बोल्टालाही तसंच केलं. ब्रेक, इंडिकेटर, काटा, हॉर्न, सगळे आपापल्या जागी गेले.

संध्याकाळी बेकरीवाला आला. दिवे बघून खूश झाला आणि शेवटी दोष कशात निघाला म्हणून विचारलं.

"वायरिंगमध्ये काही नव्हतं," दादा म्हणाले. "मला नीट दिसत नाही आता."

"काहीतरीच काय बोलतोस दादा," बाळ्या घाईघाईनं मध्ये पडला. "सगळं दिसतं त्याला. माझाच रंग आडवा आला होता."

"तू गप्प बस. टॅक्सीवाल्याला सांगताना जीभ वळली ना तुझी? आता मी सांगतोय तर सांगू दे."

बेकरीवाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. गाडी न्यायची की नाही, हेच त्याला समजेना. मग त्यानं स्वतः आत बसून ब्रेक दाबला, भावांनी मागून लागला म्हणून सांगितलं, आणि तो गेला.

शेडमध्ये एक जुनी मोटार दादांची वाट बघत होती, तिचा पंखा फिरत नव्हता. अजून उजेड होता. दादांनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ सवयीनं नुसतं बघितलं, मग आतून दोन वायरी ओढून दोन हातांत धरल्या. बाळ्या आपल्या भागात निघाला होता.

"इकडे ये," दादा म्हणाले. "सांग, कुठली लाल?"

"डाव्या हातातली. उजवी तपकिरी आहे."

दादांना ते उलटं वाटत होतं. अगदी खात्रीनं वाटत होतं. मग त्यांनी बाळ्यानं सांगितल्याप्रमाणे वायरी आपापल्या जागी जोडल्या आणि वरून टेप गुंडाळली.